वाचनपीठाची उंची

मी मितेश धाकू मेस्त्री, वय तेवीस, धंदा सुतारकाम, राहणार विठ्ठलवाडी, हा कागद डोकं ठिकाणावर असताना लिहीत आहे. घरचे या वाक्याला हसतील, पण डॉक्टरांच्या मते बिघाड हृदयाच्या झडपेत आहे, डोक्यात नाही. परवा सकाळी झडप बदलणार. संमतीच्या कागदावरचा धोका मी तीनदा वाचला आणि मग हे लिहायला घेतलं. कोणाचा दबाव नाही. लग्न झालेलं नाही, आता होण्यासारखंही काही नाही.

१. माझी सगळी हत्यारं, रंधे, पटाशा, करवती, बाबांना, म्हणजे धाकू गोविंद मेस्त्री यांना. निम्मी त्यांचीच होती. राउटर मशीन विकू नये. बाबा, तुम्हाला त्याचा आवाज सोसत नाही, तरी शिका.

२. बँकेत जे काही असेल ते आईला, शेवंती धाकू मेस्त्री हिला. आई, त्यातून माझ्यासाठी कसलाही नवस फेडू नकोस. फेडण्यासारखं झालं असतं तर हा कागद तुझ्या हातात आला नसता.

३. माझी बारावीची मूळ गुणपत्रिका कल्याणच्या कॉलेजात अडकली आहे. दुसऱ्या वर्षाला जर्नलवरून सरांशी भांडून मी निघून आलेलो, ती मागायला परत गेलो नाही. चूक माझी होती, हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. ती आणून आईच्या कपाटात ठेवावी.

४. चुलत भाऊ आर्यन याला माझी बाईक. गणपतीत सगळ्यांसमोर "मित्या आता बाप्तिस्मा घेणार" असं यानेच सांगितलं, आणि आई दोन दिवस जेवली नाही. म्हणून किल्ली आईकडे राहील. त्याने आधी तिची माफी मागायची, मग बाईक हलवायची.

५. ठाण्याच्या चर्चमधलं वाचनपीठ माझ्या मालकीचं नाही. तरी त्याबद्दल लिहितो, कारण या कागदात मला जिवाची वाटणारी वस्तू तीच एक.

गेल्या वर्षी तिथल्या वेदीच्या भागाचं काम आम्ही बापलेकांनी केलं. जुनी वेदी भिंतीला चिकटलेली. ती जागीच ठेवून पुढे नवी करायची, म्हणजे फादर लोकांकडे तोंड करून उभे राहतील. मधला सागवानी कठडा काढायचा. पूर्वी लोक त्याच्यापाशी गुडघे टेकून पवित्र भाकर घ्यायचे. फादरनी मला एकेका वस्तूचा अर्थ सांगितला. वेदी म्हणजे जेवणाचं टेबल, आणि थडगंही. याजकाची खुर्ची खुर्चीच दिसली पाहिजे, सिंहासन नको. लाल दिवा जळतो ती पवित्र भाकरीची पेटी बाजूला, पण नजरेत. वाचनपीठावरून फक्त शास्त्र वाचायचं, सहलीच्या सूचना नाहीत. वेदी आणि वाचनपीठ एकाच लाकडाचं हवं, कारण दोन्हीकडे वाढणंच असतं, एकीकडे भाकर, दुसरीकडे शब्द. म्हणून दोन्ही त्या कठड्याच्या सागातूनच केलं. मी म्हटलं, फादर, म्हणजे कुंपण मोडून टेबल? तर म्हणाले, तेच तर करतोय.

ग्लेनिस परेरा तिथे दर रविवारी मराठी मिस्साला, म्हणजे उपासनेला, शास्त्र वाचते. कामाच्या दिवसांत आम्हाला चहा आणून द्यायची आणि मला नावाने नाही, "ओ मेस्त्री" अशी हाक मारायची. बाबांनी मला शिकवलंय की स्वयंपाकाचा ओटा करताना घरातल्या बाईच्या कोपरापर्यंत टेप लावायची, म्हणजे तिची पाठ दुखत नाही. वाचनपीठाच्या वेळी मी ग्लेनिसला उभं केलं आणि तिच्या कोपराचं माप घेतलं. नकाशात उंची चार इंच जास्त होती. नकाशा मी बघितला नाही असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. बघितला आणि बाजूला ठेवला.

पहिल्याच रविवारी उंचेपुरे गोम्स अंकल वाचायला उभे राहिले आणि उसण भरल्यासारखे वाकले. लोक हसले. नंतर चर्चच्या कमिटीसमोर मी म्हणालो, देवाच्या शब्दापुढे वाकलं तर काय मोडतं? बाबांनी दंड धरला, मी हिसडा दिला, माईकचं स्टँड आडवं झालं. फादर मला बाहेर घेऊन गेले.

"मितेश, ओट्याला घरची बाई असते. याला नसते. जो उभा राहील त्याचं हे."

मला ते तेव्हाही कळलेलं.

उंची वाढवायचं कमिटीने ठरवलंय, पण त्या कठड्याचं लाकूड उरलेलं नाही आणि दुसऱ्याचा जोड दिसेल, म्हणून काम अडलंय. माझी इच्छा आहे की ते आहे तसंच राहावं, कोणी हात लावू नये. मेलेल्या माणसाचं एवढं तरी ऐकतात.

६. कठड्याचा शेवटचा तुकडा माझ्याकडे आहे. कमिटीला सांगितलेलं नाही. त्याचं मी टेबलावर ठेवायचं वाचनाचं स्टँड केलंय, उतार वाचनपीठाचाच. ते ग्लेनिसला. मे महिन्यात मी तिला लग्नाचं विचारलेलं. ती म्हणाली, तिला काय वाचायला आवडतं हे मी एकदाही विचारलं नाही. खरं होतं. जानेवारीत त्याच वेदीपुढे तिचं नील डिसोझाशी लग्न आहे. माणूस चांगला आहे, शिवी द्यायला जागा नाही. स्टँड त्यांच्या कळव्याच्या घरी पोचतं करावं.

७. कोर्टाबाहेरचे टायपिस्ट काका म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याची साक्ष घेऊ नये, पुढे भानगडी होतात. म्हणून साक्षीला पॉलिशवाले रामाकाका आणि मित्र विकी. रामाकाकांना मी काहीच ठेवलेलं नाही. ते म्हणाले, बरं झालं, सहीपुरता तरी कामाला आलो.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी, माझ्याच हातची.

विकी चारला येणार होता. अडीचला ग्लेनिस मोसंबी घेऊन आली. रामाकाकांनी तिला कागदाचं सांगितलं. तिने तो मागून घेतला आणि खाटेपाशी उभं राहून वाचला, चर्चमध्ये वाचते तसा, मोठ्याने, न अडखळता. सहाव्या कलमाशी आल्यावर आवाज बंद झाला. बाकीचं मनात वाचलं. मग पेन मागितलं. मी म्हटलं, सही केलीस तर स्टँड तुला मिळणार नाही.

"माहीत आहे. आत्ताच वाचलं ना."

मी पेन दिलं. ती म्हणाली, "लग्नानंतर मी त्या चर्चमध्ये वाचणार नाही, मितेश. माझ्या जागी येतेय ती मुलगी उंच आहे."

नावाने हाक मारली ती ही पहिलीच.

तेव्हा कलम पाच आणि सहा मी स्वतः खोडत आहे. त्याऐवजी असं करावं. बाबा, स्टँडला खिळा नाही, नुसते सांधे आहेत. ठोकू नका, ओलं फडकं गुंडाळून हळू सोडवा. फळ्या चार इंचीच आहेत. वाचनपीठाच्या खाली बसवा. रेषा जुळतील, लाकूड एकच आहे.

मी या दोघांसमोर सही केली, आणि या दोघांनी माझ्यासमोर.

ठिकाण: ठाणे, रुग्णालय, पुरुष विभाग
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५

(सही) मितेश धाकू मेस्त्री

साक्षीदार
१. (सही) रामा बाळू पाटील, राहणार डोंबिवली पूर्व
२. ~~विकी~~ (सही) ग्लेनिस अँथनी परेरा, राहणार ठाणे