खाडीतलं जनावर

सर, तुम्ही गेलात तेव्हा मी तुमच्यावर चिडलेलीच होते. दादाचा फोन आला होता, तरी मी तुमच्या अंत्यदर्शनाला आले नाही.

कामणच्या त्या गोडाऊनमध्ये मी पहिल्यांदा आले ती चित्रांची वही घेऊन. मालिकांना लागणारे राक्षस, वानर, नाग तुम्ही तिथे बनवायचात आणि पत्र्याखाली रबराचा उग्र वास कोंडलेला असायचा. वही तुम्ही उघडलीही नाहीत. भिंतीशी टांगलेलं एक केसाळ धूड दाखवून म्हणालात, "घाल." आचोळ्याहून नवा ड्रेस घालून आलेली मी, आणि अंगावर ते ओझं. वीस मिनिटं उभं केलंत. डोळ्यांत घाम, कानांत फक्त स्वतःचाच श्वास. बाहेर काढल्यावर विचारलंत, "आता सांग, भोकं कुठे पाडायची?" मी नाक आणि मानेची मागची बाजू दाखवली. "उद्यापासून ये," म्हणालात.

आम्ही सगळेच ज्याला दादा म्हणायचो, तो तुमच्याकडे या रबरी जनावरांच्या आत शिरून काम करायचा. मिठागरांकडच्या गावचा, सडपातळ, कितीही वेळ उभा राहणारा. आतून बोललेलं बाहेर ऐकू येत नाही, म्हणून त्याचा डावा हात वर गेला की काम थांबवायचं, एवढा एकच नियम तुम्ही आम्हाला घालून दिला होता.

मग तो दिवस. माझं स्वतःचं पहिलं जनावर, मगरीच्या तोंडाचा राक्षस, त्याचा एकेक खवला मी हाताने चिकटवलेला. आतला पंखा बंद पडलाय, दादाचा हात वर गेलाय, आणि दिग्दर्शक "अजून एकच, अजून एकच" करतोय. तुम्ही सरळ कॅमेऱ्यासमोर गेलात आणि कटरने त्या राक्षसाला गळ्यापासून पोटापर्यंत फाडलंत. दादा बाहेर कोसळला तेव्हा त्याचे ओठ काळेनिळे झाले होते. आणि मी, सगळ्यांदेखत, तुमच्यावर ओरडले, "सर, माझे तीन महिने होते ते!" तुम्ही कटरचं पातं आत ढकललंत आणि हळूच म्हणालात, "तू बाहेर उभी आहेस म्हणून तुला महिने दिसतात." दुसऱ्या दिवशी मी काम सोडलं. पुढची सहा वर्षं मी कॉम्प्युटरवर जनावरं बनवली. त्यांच्या आत कोणी नसतं.

गेल्या वर्षी माझा स्वतःचा सिनेमा केला, सर. भराव टाकून बुजवलेलं मिठागर शोधत खाडीतून वर येणारं एक म्हातारं जनावर, एवढीच गोष्ट. ते मला खरंखुरं हवं होतं, चिखलात चालणारं, दमणारं. म्हणून रबर पुन्हा हातात घेतलं आणि दादाला फोन केला. "बाय, गुडघं कुरकुरतात आता," तो म्हणाला, "पन येतो."

शेवटच्या दिवशी भरतीच्या आधी शॉट संपवायचा होता. तासभर ढगच हलेनात. ऊन पडलं तेव्हा पाणी चढायला लागलं होतं. दादा छातीभर पाण्यात, पाय गाळात रुतलेले. "ॲक्शन" म्हटलं आणि जनावराने मान वळवली, आणि मला कळलं की इतकं सुंदर काही मी आजवर बनवलेलं नाही. तेवढ्यात डावा हात वर आला. ओल्या बोटांवर ऊन चमकत होतं. माझ्या असिस्टंटने माझ्याकडे पाहिलं. मी मॉनिटरवरून नजर काढली नाही. हात खाली गेला, पुन्हा वर आला. पाणी जनावराच्या हनुवटीला लागलं तेव्हा कुठे माझ्या तोंडून "कट" निघालं.

चौघांनी त्याला ओढून बांधावर आणलं. मुखवटा मीच उपसून काढला. तो बराच वेळ खोकत राहिला, मग चिखल थुंकला.

"हात दिसला नाय तुला?"

"नाही रे दादा. उन्हाची तिरीप होती स्क्रीनवर."

त्याने माझ्या डोक्यावर ओला हात ठेवला. "जाऊ दे. पानीच लवकर चढलं."

सिनेमा महोत्सवात लागला. त्या हाताच्या दृश्याला टाळ्या पडल्या. नंतर एका बाईंनी विचारलं, हात वर करणं कसं सुचलं? मी माईकवर म्हणाले, "ते संहितेतच होतं." पहिल्या रांगेत दादा बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मी त्याच्याकडे बघितलं नाही. परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर बघत राहिला, आणि उतरताना नुसतं "चल" म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन नाही. माझाही नाही.

हात मला दिसला होता, सर. दोन्ही वेळा.

हे पाठवायला तुमचा पत्ता नाही, असं मी मघापासून स्वतःला सांगतेय. दादाचा पत्ता आहे. तो बोळिंजला राहतो, माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. तरी सकाळपासून मी तुम्हालाच लिहीत बसले आहे, कारण तुम्ही उलट काही विचारणार नाही.