रिकाम्या वाट्या

१ सप्टेंबर
कॅन्टीनचा चार्ज अखेर माझ्याकडे आला. दिवाळीपर्यंत ट्रायल, मग कायम. यश आलं की श्रेय घ्यायला स्टाफरूममधले सगळे हजर होतील, म्हणून आजपासून लिहून ठेवते आहे. इतकी वर्षं होम सायन्स शिकवलं. गुरुग्रामच्या या शाळेत त्याचा कोणाला उपयोग वाटला नाही. रिटायर होण्याआधी दाखवून देईन.
समोसा, ब्रेड पकोडा, छोले-भटुरे बंद. उद्यापासून मोड आलेली मटकी, काकडी, ताक.

२ सप्टेंबर
सहावीतल्या एका मुलीने वाटीत डोकावून विचारलं, "मैम, इसमें पूँछ क्यों है?" मोड म्हणजे काय ते सगळ्या रांगेला समजावलं. समजावून होईपर्यंत रांग उरली नाही. वेळ लागतो.

८ सप्टेंबर
नवा नियम. रिकामी वाटी दाखवल्याशिवाय मैदानावर सोडायचं नाही. पी.टी.चे चिराग सर म्हणाले, हे जेल आहे का. त्यांच्या डब्यात काय असतं ते मला माहीत आहे.

१५ सप्टेंबर
सगळ्या वाट्या रिकाम्या! मुलं मागच्या भिंतीपाशी बसून खातात. मोकळ्या हवेत भूक लागते, हे माझं निरीक्षण. मटकी दुप्पट भिजत घालायला सांगितली. घरी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, तुझा एक नवरा मटकी खात नाही, आणि अख्खी शाळा खाते?

२४ सप्टेंबर
मागच्या भिंतीवर माकडं फार झाली आहेत. मधल्या सुट्टीची घंटा झाली की हजर. महानगरपालिकेला कडक ईमेल केला. झाडं तोडून टॉवर बांधले की दुसरं काय होणार. मुलं मात्र अजिबात भीत नाहीत. प्रोटीनचा परिणाम.

९ ऑक्टोबर
उद्या प्रिन्सिपल मॅडम पालकांना घेऊन कॅन्टीन बघायला येणार. चार्ज कायम होणार हे उघड आहे. भाषण तयार.

१० ऑक्टोबर, संध्याकाळ
पालकांना दिसावं म्हणून मुलांना आतच टेबलांवर बसवलं. कोणी वाटीला हात लावेना. भिंतीवर वाट बघून कंटाळलेली माकडं खिडकीतून आत आली. पालक किंचाळले. मुलांनी शांतपणे वाट्या पुढे सरकवल्या. सहावीतली तीच मुलगी प्रिन्सिपलना धीर देत म्हणाली, "मैम, डरिए मत, ये तो रोज़ खाते हैं।"
कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. भाषण पर्समध्येच राहिलं.

१३ ऑक्टोबर
चार्ज सोडला. चिराग सरांना दिलं: कॅन्टीनच्या चाव्या, ॲप्रन, मोठं पातेलं. स्टाफरूममध्ये समोसे आले होते. माझ्यासाठी एक झाकून ठेवला होता. खाल्ला.
भिजलेली मटकी शंकरला दिली. माकडं हाकलायला शाळेने त्याला ठेवलं आहे. त्यांना लांब न्यायला ही मटकी कामी येईल म्हणाला. पिशवी त्याने स्वतः आणली होती. मागून नेणारा तो पहिलाच.