काळी-पिवळीचं मैदान

अब्बा, मागच्या आठवड्यात लातूरला एका लग्नात जेवायला बसलो होतो. समोरच्या एका गृहस्थांनी, ज्यांना मी ओळखतही नाही, नळी चोखता चोखता मला सांगितलं, "तुमच्या वालिदसाहेबांनी तुमच्या बारावीसाठी रेसचं मैदान बंद केलं होतं. असा बाप मिळायला नशीब लागतं." मग मला जरा निरखून बघितलं आणि विचारलं, "तुमचा दवाखाना कुठं आहे?" मी म्हणालो, दवाखाना नाही, मी नांदेडला असतो, पेपरात विनोदी लिहितो. त्यांनी नळी ताटात ठेवून दिली. तुमच्या त्यागाचं असं मातेरं झालेलं त्यांना बघवेना. तुम्ही गेलात त्याला इतकी वर्षं झाली, तरी लातुरात एक लग्न असं जात नाही की कुणीतरी ते मैदान माझ्या ताटात वाढत नाही. आता मात्र मला कंटाळा आलाय. घरात आपण दखनी बोलायचो, पण गॅरेजमध्ये गिऱ्हाइकाशी हुज्जत तुम्ही मराठीतच घालायचात, आणि मलाही भांडण मराठीतच सुचतं. तेव्हा मराठीतच ऐका.

त्याग-बिग काही नव्हता. मी तिथं होतो. भूकंपानंतर मदतीचे ट्रक आले तेव्हा आपल्या गॅरेजसमोर, रस्त्यापलीकडं, मुरुडच्या पाटलांचं रान होतं. त्यात पत्र्यांचे, चादरींचे, बिस्किटांच्या खोक्यांचे ढीग पडले. ट्रक एका बाजूनं आत यायचे, ढिगांना वळसा घालून त्याच तोंडानं बाहेर पडायचे. पुढं ढीग संपले, ट्रक गेले आणि रानात उरली ती टणक, लांबट गोल वाट. पाटील ती बघायला आले आणि चपलेनं ठोकून म्हणाले, "मिस्त्री, ह्यात आता ज्वारी यायची न्हाई. नांगर मोडंल." तुम्ही हाताचं ऑइल फडक्याला पुसत म्हणालात, "ज्वारी कशाला पाटील, जीपा पळवू."

मुरुडच्या, लोह्याच्या, अर्धापूरच्या काळ्या-पिवळ्या जीपा तुमच्याकडंच दुरुस्तीला यायच्या. आत दुपटीनं माणसं कोंबून, वर टपावर पोती आणि कोंबड्या, आणि पुढच्या फाट्यावरची सवारी दुसऱ्यानं उचलू नये म्हणून एकमेकींना घासत पळायच्या. तुमचं म्हणणं एवढंच होतं की एवढी खाज असेल तर रिकाम्या गाडीनं खाजवा, सवारीला कशाला मारता. कडेनं फक्की मारली, वळणावर जुने टायर रचले, पाटील खुर्ची टाकून पंच झाले. टायरवाल्यानं पहिलं बक्षीस म्हणून पाण्याचं पिंप दिलं, आणि अर्धापूरच्या ड्रायव्हरनं दुसरं बक्षीस म्हणून स्वतःच्या खर्चानं केळीचा घड आणला. तो हरला आणि दिवसभर स्वतःचीच केळी विकत मागत फिरला. मला तुम्ही झेंडा दिलात. अख्ख्या लातुरात माझ्याएवढा सुखी मुलगा त्या दिवशी नसेल, हेही सांगून टाकतो, नाहीतर म्हणाल नुसती तक्रार करतोय.

पण एक गोष्ट तुमच्या ध्यानात आली नव्हती, आणि लातूरच्या माणसाच्या ध्यानात ती येऊ नये याचाच मला अजून राग येतो. त्या वर्षांत लोक भांड्यांवर कान ठेवून जगत होते. फळीवरचं स्टील वाजलं की आधी पळायचं, मग विचारायचं. कितीतरी घरांत तांब्यावर वाटी मुद्दाम तिरकी ठेवलेली असायची, जरा हललं की वाजावी म्हणून. मी झेंडा खाली आणतो, सगळ्या जीपा एकदम रेस होतात, आणि पलीकडच्या कॉलनीतली दारं धाडधाड उघडतात. एक मास्तर अर्ध्या दाढीला साबण लावून धावत येतायत, बायका पोरं काखेला मारून धावतायत, आणि मोकळी जागा म्हणून सगळे येतायत कुठं, तर आपल्याच मैदानावर. जीपांचे ब्रेक, लोकांची पळापळ. कोपऱ्यावरच्या घरातल्या काकूंनी नातू तुमच्यापुढं धरला आणि म्हणाल्या, "मिस्त्री, पाळण्यातनं हिसकून आणलाय ह्याला. तुमची ही जत्रा चुलीत घाला."

दुसऱ्या कुणी जत्रा बंद केली असती. तुम्ही भोंगा लावलेली रिक्षा फिरवलीत. दर रविवारी सकाळी ती ओरडत जायची, "आज चार वाजता भांडी वाजतील. घाबरू नये. शर्यत आहे." आणि काय आश्चर्य, लोक ऐकायला लागले. दिवाळीपर्यंत चार वाजता कॉलनीत कुणी वळूनही बघेना. लोक वाजत्या भांड्यांखाली बसून चहा पिऊ लागले. तुम्ही पाटलांना सांगायचात, "सरकारला जमलं नाही ते केलं बघा. लोकांच्या मनातला भूकंप काढला." पाटील म्हणायचे, "हाव मिस्त्री, आता तुमाला आमदार करून टाकू." तुम्ही हसायचात, पण तुम्हाला ते खरं वाटायचं. मैदानापेक्षा तुम्हाला त्याचीच जास्त मिजास होती.

मग तो रविवार. अर्धापूरची जीप यायची होती, बाकीचे ड्रायव्हर इंजिनं बंद करून झाडाखाली पत्ते कुटत बसले होते. चार वाजून गेलेले. एकही गाडी चालू नाही. आणि तुमच्या हत्यारांच्या पेटीतले पाने खुळखुळायला लागतात. मला आधी कळत नाही. पत्ते खेळणारे उठून उभे राहतात, पाटील खुर्ची सोडून मातीत बसतात. तुम्ही मात्र जमिनीकडं बघत नव्हतात, कॉलनीकडं बघत होतात. एक दार उघडलं नाही. एक माणूस बाहेर आला नाही. तुम्ही धावत सुटलात, मी मागं. तुम्ही दारं बडवताय, "बाहेर या, बाहेर या," आणि काकू आतूनच म्हणतायत, "आज लई जोरात चाललंय की मिस्त्री तुमचं."

छोटा धक्का होता, तुम्ही पहिलं दार गाठेपर्यंत संपलासुद्धा. कुणाला खरचटलं नाही. काकूंच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला एक चीर गेली होती, आणि त्याच भिंतीखाली नातू गोधडीवर झोपला होता. लोक चहाचे कप घेऊन बाहेर आले, तुम्हाला घामाघूम बघून हसले. तुम्ही त्या चिरेवर हात ठेवून उभे होतात. मग मैदानावर येऊन, अर्धापूरवाला नुकता पोचलेला, त्याच्यासमोर पाटलांना म्हणालात, "बंद करू. पोराची बारावी हाय." पाटलांनी एक प्रश्न विचारला नाही. लातुरात बारावी म्हटलं की लग्नं पुढं जातात, टीव्ही माळ्यावर जातो, म्हातारी माणसं खोकणं आवरतात. "मग विषयच संपला," पाटील म्हणाले.

रिक्षा शेवटची एकदा फिरली. "शर्यत कायमची बंद. यापुढं भांडी वाजली तर ताबडतोब बाहेर या." एवढं खरं तुम्ही सांगितलंत. का बंद, ते मात्र माझ्या नावावर. अम्मी रोट्या भाजता भाजता तुम्हाला म्हणाली, "अपनी शरम पोट्टे के गले में नक्को बांधो." तुम्ही म्हणालात, "बारावी झूट है क्या?" झूट नव्हती, तेच तर दुखणं आहे. पाटलांनी जागा क्लासवाल्याला दिली, तुम्ही मला त्याच क्लासात घातलंत, आणि तुमच्या दुसऱ्या वळणावर बाकावर बसून मी वर्तुळाकार गती शिकलो. सरांनी विचारलं, वळणावर गाडी बाहेर का फेकली जाते. मी म्हणालो, ड्रायव्हर लोह्याचा असेल म्हणून. मला बाहेर काढलं. तिथंच माझं करिअर ठरलं असावं.

अब्बा, तुम्ही घाबरलात आणि थांबलात. केलेल्या कामातली ती सगळ्यात शहाणी गोष्ट होती. ती चारचौघांत सांगितली असतीत तर काकूंनी तुमचे पाय धरले असते, आणि मला लग्नात निवांत बिर्याणी खाता आली असती. पण तुम्हाला चुकलेला मिस्त्री व्हायचं नव्हतं, त्यागी बाप व्हायचं होतं. मार्क कमी पडले तेव्हा तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. बोलायला हवं होतं. गप्प बसलात, म्हणून लोकांचं खरं झालं.

हे कुठं पाठवणार. तुमच्या कबरीवर नेऊन ठेवलं तर रखवालदार त्यात शेंगा बांधून खाईल. कपाटात राहील. एक सांगायचं राहिलं. दिवाळीनंतर माझं सदर बंद झालं, लग्नातल्या त्या गृहस्थांना मी ते सांगितलं नाही. संपादकांनी चहा पाजून सांगितलं की वाचक आता हसत नाहीत. घरी येताना गल्लीत कुणीतरी विचारलं, लिहिणं का थांबवलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, पोरीची बारावी आहे. तेव्हापासून सगळी गल्ली तिच्यासाठी आवाज बारीक करून बोलते. परवा दूधवाल्यानं तिला विचारलं, तयारी कुठवर आली. ती दुधाचं पातेलं हातात धरून माझ्याकडं बघत राहिली. ती अकरावीत आहे, अब्बा.