चार ओळींची बातमी

रेणापूर, सोमवार. चैत्र संपत आला.

दुकान लवकर बंद केलं. आज पेपर हातात घ्यायलाच नको होता.

नवा जिल्हा झाल्यापासून दुकानाच्या ओट्यावर पेपर ऐकायला जमणाऱ्या मंडळींचं फर्मान आहे की लातूरची बातमी आधी, मग टँकरची, बाकीचं भराभर. त्यामुळे मी सगळंच रेटत वाचतो. आजही कलेक्टर कचेरीची बातमी झोकात वाचली आणि त्याच सुरात खालच्या चार ओळी: मुदखेडजवळ विहीर खोदताना दरड कोसळून रेणापूरचा मजूर मन्मथ ठार. नाव आधी तोंडातून गेलं, डोक्यात मागून शिरलं. त्याची आई, गिरजाक्का, समोरच बसली होती.

अक्का म्हणाली, "आप्पा, फिरून वाचा. दमानं."

वाचलं.

"बापाचं नाव हाय का त्यात?"

पुन्हा वाचलं. होतं.

"कोन्या दिवशी झालं?"

पुन्हा त्याच चार ओळी. दर वेळी तिला त्यातलं वेगळंच काही हवं होतं, आणि मी पहिलीतल्या पोरासारखा एकेका अक्षरावर बोट ठेवत होतो. इतकी वर्षं रोज पेपर वाचतो म्हणतो. म्हणजे नेमकं काय करतो मी?

उठता उठता तिनं विचारलं, "हिरीला पानी लागलं व्हतं का, आप्पा? ते लिवलंय का?"

चारही ओळी पुन्हा पाहिल्या.

"न्हाई अक्का. तेवढं लिहिलेलं न्हाई."