नव्या फरशीला आठ दिवस पाणी

२ मार्च १९८३, लातूर
शहाबादी फरशी आली! उतरवताना एक फुटली, बाकीच्या शाबूत. व्यंकटी मिस्त्री उद्या कामाला लागणार.

घर घेऊन दोन वर्षं झाली. गल्लीत बौद्धांचं आमचं एकच घर. शेजारचे अमृतराव रोज रस्त्यात उभे राहून तासभर बोलतात, ओसरीवर बसत नाहीत. ‘सारवलेल्या जमिनीनं धोतर मळतंय. फरशी बसू द्या, मग बसायलाच येतो’ — हे त्यांचं दोन वर्षांपासूनचं. आता बसेल फरशी.

चांगुणा म्हणाली, त्यांच्या धोतरासाठी दगड आणणारा नवरा मलाच मिळायचा होता.

४ मार्च
फरशी बसली. सिमेंटचे सांधे सरळ, रेघ मारल्यासारखे. व्यंकटीनं बजावलं — आठ दिवस ओली ठेवा, न्हाईतर सिमेंट भुसा होतंय. अमृतरावांच्या सरजाबाई दारातच होत्या, त्यांनीही ऐकलं.

पण पाणी कुठलं? जिल्हा झाला, कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या. पाऊस तेवढा आला नाही. गल्लीतले सगळे आड आटले. आमच्या परसातला तेवढा टिकून आहे. तो सगळ्यांना खुला आहे, असं मी आज सांगून टाकलं. वाट ओसरीवरूनच.

५ मार्च
सरजाबाई सकाळीच आल्या. दोर त्यांचा, घागर त्यांची. आणि हातात भरला तांब्या! पायरीशी थांबून तो फरशीवर ओतला, मग आत आल्या. म्हणजे व्यंकटीचं बोलणं लक्षात ठेवलं. पाणी न्यायला आलेली बाई आधी आपल्या घरचं पाणी देते — आणि तेही अशा दिवसांत! मला भरून आलं.

चांगुणा भाकरी थापत होती. तशीच थापत राहिली.

७ मार्च
आज आठ बायका. प्रत्येकीच्या हाती तांब्या. दारापासून आडापर्यंत ओली वाट होते, कोपरे कोरडे राहतात. ते मी भिजवतो.

९ मार्च
आमच्या दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीला मजकूर हवा, नांदेडच्या कचेरीतून दोनदा निरोप. दुष्काळावर आकडे किती दिवस देणार? तांब्यांवरच लिहिलं. ‘विहिरी आटल्या, शेजार ओला’. तासाभरात झालं. दुपारच्या नांदेड गाडीच्या कंडक्टरकडे पाकीट दिलं.

चांगुणेला वाचून दाखवू लागलो. म्हणाली, दळण आणायचंय.

१२ मार्च
आठ दिवस भरले. व्यंकटीनं एकेक फरशी ठोकून पाहिली. कुठे पोकळ आवाज नाही. म्हणाला, अशी पाणी पिलेली फरशी लातुरात दुसरी न्हाई.

तेवढ्यात सरजाबाई आल्या. म्हटलं, “वहिनी, आता पाणी नका घालू. फरशी पक्की झाली. घरी प्यायला ठेवा.”

त्या तांब्या धरून उभ्याच राहिल्या. एकदा फरशीकडे पाहिलं, एकदा चांगुणेकडे. मग रिकामी घागर घेऊन परत गेल्या. काही विसरलं असेल.

१३ मार्च, सकाळ
कुणी आलं नाही. एकही बाई नाही. टँकर तीन दिवसांत फिरकलेला नाही, तरी नाही.

चांगुणेला विचारलं, असं का? ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

“आपली फरशी धुवून मग पाय टाकायच्या त्या. तुम्ही काल धुवायचं बंद केलं.”

तुला कधी कळलं?

“पहिल्याच दिवशी. तुम्ही लई खूश होता.”

पुरवणी छापून झाली असेल. पहाटेच्या गाडीनं निघालीही असेल.

१३ मार्च, संध्याकाळ
अमृतराव आले. रस्त्यातच उभे. हातात पुरवणी.

“निवृत्तीराव, लई खरं लिहिलंय.”

वर या, बसा, म्हटलं.

“नको. आमचे पाय धुळीचे, फरशी मळंल तुमची.” मग हळूच — “फरशीला अजून आठ दिस पाणी लागंल बघा. मारू द्या बायकांना.”

मी बरं म्हणालो. चांगुणा उठून आत गेली.