विकतचं रोप

तीर्थरूप बाबांना धाकटीचा नमस्कार.

मी बरी आहे, नोकरीही ठीक चाललीय. तुमचा खोकला गेला का?

बाबा, मी पाठवलेल्या फोटोतलं रोप आपल्या गुलमोहराचं नाही. झाड कोसळल्यावर तुम्ही जपून ठेवलेल्या बिया मला दिल्यात, "घासून कोमट पाण्यात भिजव" असं बजावलंतही. मी कंटाळा केला, तशाच पुरल्या. एकही रुजली नाही. मग विकतचं रोप आणलं आणि तुम्हाला थाप मारली.

काल आई फोनवर म्हणाली, "अगं, तो फोटो खिशात घालून फिरतात, भेटेल त्याला दाखवतात." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुम्ही दिलेल्या बियांच्या डब्याच्या तळाशी एक बी सापडलीय. आज घासून भिजत घातली. नाही रुजली, तरी या वेळी खरं तेच लिहीन.

रागावलात तरी तुमचीच,
धाकटी