क्रांतीचा खुराक

१६ नोव्हेंबर, रविवार

वजनकाटा आणला. दुकानात बाराशे रुपये. खरी किंमत अशी: क्रांती काट्यावर उभी राहिली, आकडा बघून उतरली आणि खोलीचं दार लावून घेतलं. बायकोनं, आमच्या मंडळींनी, माझ्याशी बोलणं टाकलं. माझ्या आईनं काट्यावर तांदळाचं पोतं आणून ठेवलं — "आता त्येचं बघ वजन. पोरीचं नगं!"

ब्याऐंशी किलो. वय चौदा.

दुपारी तांबडा-पांढरा रस्सा झाला आणि घर आडवं झालं. क्रांती सोप्यात घोरत होती. आई कौतुकानं म्हणाली, "आज्यागत घोरतीया. गाढ झोप हाय पोरीला."

मी पेपर वाचत होतो. निम्मा जन्म बेकरीच्या भट्टीपाशी गेलाय माझा. खारी झाली की नाही ते लोक वासानं ओळखतात, मी कानानं ओळखतो. मिक्सरचा पट्टा ढिला झाला की ऑफिसात बसून कळतं मला. तर — घोरणं थांबलं. कूस बदलली असेल म्हणून वाट बघितली. श्वासच नाही! धावत जवळ गेलो, तोवर पाण्यातनं वर आल्यासारखा गचका देऊन तिनं श्वास घेतला. परत घोरणं. परत गप्प.

तिथंच फरशीवर बसून राहिलो. 

१७ नोव्हेंबर, सोमवार

कुणाला काही बोललो नाही. सकाळी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं, "आबा झोपेत असंच करायचे काय?"

"व्हय की. झोपेतच गेलं न्हवं का! पुण्यवान माणूस."

चहा तसाच ठेवून उठलो.

१९ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी घसा बघितला, टेपनं मान मापली. काय काय खाते म्हणाल्या. मंडळी हौसेनं सांगायला लागल्या — सकाळी बदामाची थंडाई, जेवताना वाटीभर तूप, संध्याकाळी गवळ्यांच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध. बाई लिहायच्या थांबल्या.

"कुस्ती खेळते का?"

"खेळायची. गुडघा दुखावला. दीड वर्ष झालं तालीम सुटून."

"मग हा खुराक?"

 तालीम सुटली त्या दिवशी तिचे कुस्तीचे बूट माळ्यावर गेले. खुराकही थांबवायचा असतो हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही! आबा पैलवान. त्यांच्या नातीचं दूध तोडलं तर गल्ली म्हणणार, सयाजीवर वाईट दिवस आले. कट्ट्यावरचा गवळीसुद्धा अजून तिचाच पेला आधी भरतो.

"शाळेत काय खातेस?" बाईंनी विचारलं.

क्रांती पहिल्यांदा बोलली. "दोन क्रीमरोल. पप्पांच्या बेकरीतले."

झोपेतल्या श्वासाची तपासणी करायला सांगितलीय. एक रात्र दवाखान्यात.

२३ नोव्हेंबर, रविवार

आमच्या बेकरीवाल्यांच्या संघटनेचे बाबासो आले. शाळांच्या कॅन्टीनमधनं गोड आणि तळलेला पाकिटातला माल बंद करायचा सरकारचा विचार चाललाय. परवा त्यावर सभा. "सयाजीराव, तुम्हीच बोलायचं. शाळा गेल्या तर निम्म्या भट्ट्या थंड! आणि तुमच्यासारखा काडीपैलवान उभा राहिला की कोण म्हणंल बेकरीनं माणूस सुटतो?"

हसलो. खरंच आहे, मी पोरवयापासून आहे तसाच वाळका.

तेवढ्यात आतनं घोरणं सुरू झालं. बाबासो डोळे मिचकावून म्हणाले, "कोण ओ? सासरे आलेत काय मुरगूडासनं?"

"व्हय," म्हणालो.

तो सगळा वेळ माझा एक कान आतच होता. घोरणं थांबलं की माझं बोलणं थांबायचं. बाबासोंना वाटलं मी विचार करतोय.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

बोललो. झकास बोललो, स्वतःच्या तोंडानं सांगायला नको, पण मागच्या रांगेतनं शिट्टी आली. "सरकारनं रस्ते करावेत, नळाला पाणी सोडावं. लोकांच्या ताटात हात घालू नये! पोरानं काय खायचं ते आई-बाप बघतील. आम्ही काय हात धरून भरवतोय?"

टाळ्या. मग सरकारतर्फे आलेल्या अधिकारी बाई शांतपणे म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत आई-बाप नसतात हो. कॅन्टीनमध्ये दुसरं काही मिळतच नसेल, तर मूल निवडणार कशातनं?"

 सगळे माझ्याकडे बघायला लागले. तोंडातनं निघून गेलं, "माझ्या घरात पोरगी हाय, बाई. माझाच माल खाती. पैलवान हाय!"

हॉल हसला. बाईही हसल्या. झालं, सभा आमची.



२७ नोव्हेंबर, गुरुवार

दवाखान्यातल्या रात्रीचा रिपोर्ट आला. जे ऐकलं होतं ते खरं. गळ्याभोवतीच्या चरबीनं झोपेत श्वासाची वाट बंद होते. एका रात्रीत इतक्या वेळा, की मी आकडा मंडळींना सांगितला नाही. आता झोपताना नाकाला मशीन लावायचं. वजन उतरलं तर मशीन सुटेल. नाही उतरलं तर हृदयावर येईल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. क्रांती भिंतीवरचं चित्र बघत होती. ऐकत नव्हती असं वाटलं. जिन्यात माझा हात धरला. सातवीत गेल्यापासून धरला नव्हता.

"पप्पा, आबा असंच गेलं व्हय?"

"न्हाय गं. त्यांचं वय झालं होतं."

आबा बावन्नचे होते. मी पन्नासचा.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

खुराक बंद! थंडाई, तूप, कट्टा — सगळं. आई तावातावानं म्हणाली, "एवढं मिळवून पोरगी उपाशी ठिवणार व्हय रं?" मी आवाज चढवला. आईवर चढवायला नको होता. पण भ्यालेला माणूस असाच ओरडतो.

मग क्रांतीच्या शाळेत कॅन्टीन चालवणाऱ्या गुंडूला फोन लावला. "उद्यापासनं तुझ्याकडं माझा रोल येणार न्हाय. माझ्या रोलचा पिवळा कागद त्या शाळेत दिसता कामा नये."

"मालक, चूक झाली काय माझी?"

"न्हाय रे. मीच बंद केलं."

"बरं, बरं. बघतो की मी."

एवढंच! याला सभा कशाला, नियम कशाला, अधिकारी बाई कशाला? अख्ख्या सरकारला जमेना ते ह्या सयाजीनं एका फोनात केलं. आज जरा जेवण गेलं.

३ डिसेंबर, बुधवार

निर्णय आला. बंदी नाही, ज्या त्या शाळेनं आपापलं ठरवावं. बाबासोंनी पेढे पाठवले. "तुमच्या भाषणानं काम झालं!" खोका फ्रिजवर ठेवलाय, क्रांतीचा हात पोचणार नाही असा. मग आठवलं, ती माझ्यापेक्षा उंच झालीय. एमआयडीसीतल्या आमच्या भट्टीवर नेऊन कामगारांना वाटला.

मशीन आलं. लावल्यावर ती कुणीतरी परकीच दिसते. पण श्वास एकसारखा येतो. रात्री ती झोपली की मी शेजारी बसून ऐकतो.

६ डिसेंबर, शनिवार

काटा — त्र्याऐंशी. बिघडला असणार. आईनं पोतं ठेवलं होतं त्यावर.

९ डिसेंबर, मंगळवार

क्रांतीच्या दप्तरातनं क्रीमरोलचे दोन कागद पडले. निळे. आमचा कागद पिवळा असतो.